टेबलाची पश्चिम कड

ग्लॉसॉप,
रविवार, १५ मार्च २००९

प्रिय कीथ,

खुर्ची ओढून बस आणि मग वाच. आमच्याकडे सगळे मजेत, थंडी फार आहे, तुमच्याकडे बर्फ किती, अशी पत्रं मी तुला चाळीस वर्षं कॅनडाला पाठवली. हे त्यातलं नाही. डेरेकच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे. मँचेस्टरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन झालं तर दहा-पंधरा वर्षं सहज काढतील. नाही झालं तर पुढचा नाताळ गृहीत धरू नका. एप्रिलमधली तारीखही मिळाली होती. मी पाव आणायला बाहेर गेले तेवढ्यात डेरेकने फोन करून ती रद्द केली. कारण विचारलं तर जेवणघराच्या बंद दाराकडे हनुवटी उडवून म्हणाला, "आत डाव मांडलाय, थेल्मा. तो एकदा संपू दे. मग त्यांना काय चिरायचं ते चिरू दे." मी बरंच बोलले. तू मला ओळखतोस, तेव्हा काय काय बोलले असेन ते लिहीत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा टाकू?" एका टेबलावरच्या खेळापायी माझा नवरा मरायला निघालाय, आणि तो खेळ पुढे सरकत नाही. तो का सरकत नाही, हे तुला सांगायचंय.

तू गेलास तेव्हा हा प्रकार आमच्या घरात नव्हता. एकोणऐंशी साली बर्नार्ड या आमच्या दातांच्या डॉक्टराने डेरेकची दाढ कोरता कोरता विचारलं, "बुधवारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही लढाया खेळतो. येणार का?" तोंडात कापूस असलेला माणूस नाही कसा म्हणणार? अशीच भरती करून बर्नार्डने अख्खा क्लब उभा केला. बाकीचे लोक मोठमोठ्या टेबलांवर खेळतात, बायबलाएवढी जाड नियमांची पुस्तकं उघडून एका तोफेच्या पल्ल्यावरून तासभर भांडतात. डेरेकला ते कधी मानवलं नाही. त्याचे डाव छोटे असतात. दोन फूट बाय दोन फुटांचा पाट, दोन्ही बाजूंना पाच-सहा तुकड्या, आणि नियम एका पोस्टकार्डावर मावतील एवढेच. तुकडी म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर नखाएवढे चार-पाच सैनिक चिकटवलेले. पट्ट्या सरकवायच्या, फासे टाकायचे. केटलीतला चहा गार व्हायच्या आत लढाई निकालात. मलाही ते आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं खेळतो आणि बहुतेक वेळा मी जिंकते. तो नीट विचार करतो आणि उशिरा हलतो. मी आधी हलते.

पण या लोकांची खरी हौस लढाई बेतण्यात आहे. शिंप्याने ठाण बघून कोट बेतावा तसं. इतिहासातली एखादी मोठी लढाई घ्यायची, छाटून सहा तुकड्यांवर आणायची, पाटाच्या मापात बसवायची आणि वर काळ बदलायचा. फ्रेंचांचे रोमन करायचे, रशियनांचे स्कॉटिश. म्हणजे समोरच्याला पुस्तक आठवून जिंकता येत नाही. हे वेषांतर ज्याला जमलं तो क्लबातला शहाणा माणूस, आणि डेरेकला ते फार छान जमतं. टेकड्या मात्र त्याला येत नाहीत. त्या मी करते. थर्माकोलचे थर कापून, कडा घासून, वर रंग आणि लाकडाचा भुसा. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला उतार बघवतात, पण चुकीचे उतार बघवत नाहीत. तो आराखडा काढून द्यायचा, मी टेकडी कापायची. त्यामुळे ती एकच टेकडी मी किती वेळा कापली, हे क्लबात कुणाच्याही आधी माझ्या हाताला कळलं.

पहिल्यांदा ती डॅन्यूब नदीकाठची रोमन चौकी होती. मग क्रॉमवेलच्या काळातली गढी. मग स्पेनमधला मठ, मग प्रशियातलं शेतघर. एका वर्षी तर चक्क मंगळावरची वसाहत, तांबड्या भुशासकट. बाकीच्या लढाया अधूनमधून असायच्या, पण हिवाळा आला की टेकडी यायची. तिच्या उत्तरेला रस्ता, पायथ्याशी कोरडा ओढा. माथ्यावर वेढ्यात अडकलेली एक पट्टी. आणि उत्तरेच्या रस्त्याने येणारी कुमक, जी कितव्या चालीला पोचेल ते फासे ठरवणार. नाइजेल तुला माहीत नाही. तो बस चालवतो, पूर्वी माझ्या वर्गात होता, आता पंचावन्नचा झाला तरी मला 'मिस'च म्हणतो. तो म्हणायचा, "डेरेक, तुझ्या सैन्याने कपडे कितीही बदलू दे, राहायला ते एकाच गल्लीत आहेत." सगळे हसायचे. डेरेकही हसायचा. माथ्यावरच्या पट्टीवर नेहमी पाच माणसं असायची आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसायचं, टोपीही नसायची. काळ कुठलाही असो, त्याचे केस तांबडे. एवढ्या लहान बाहुल्यावर तांबडा ठिपका देण्यासाठी डेरेक ब्रशचा एकच केस वापरायचा.

तो ठिपका कुणाचा ते तुला सांगायला नको. टेडीच्या आईला मी नंतर बरीच वर्षं बाजारात भेटत होते.

आता एक गोष्ट मी पुन्हा लिहून काढते, कारण तू आणि मी ती आयुष्यात एकदाच बोललोय आणि माझी आठवण बरोबर आहे का ते तुला बघता येईल. पासष्ट सालच्या वसंतात तू आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बसला होतास. बोटीचं तिकीट काढून झालं होतं. आई शेजारी गेलेली. मी परीक्षांचे पेपर तपासत होते. तू मध्येच म्हणालास, "थेल्मा, पश्चिमेच्या अंगाने एक वाट होती गं." मग सगळंच सांगितलंस. आदल्या वर्षी, तू आणि डेरेक एकाच पलटणीत असताना, एडनच्या वरच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरात डेरेक आणि चौघं माथ्यावरच्या चौकीत अडकले होते, सकाळपासून वेढा पडला होता. तू दहा माणसं घेऊन खाली ओढ्यात. तुमचा अधिकारी उन्हाने आडवा झालेला, म्हणजे कारभार तुझ्याकडे. वायरलेसवर हुकूम आला की रस्त्यात सुरुंग आहेत, चिलखती गाड्या येईपर्यंत जागचे हलू नका. पण आदल्या आठवड्यात बोकड विकत घेताना एका म्हाताऱ्या धनगराने तुला पश्चिमेची वाट दाखवली होती. ती तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तू चहाच्या ओल्या बोटाने आईच्या मेणकापडावर ती काढून दाखवलीस. पायथ्यापासून सरळ वर, मोठ्या धोंड्याला वळसा, मग माथा. तू हुकूम पाळलास. गाड्या संध्याकाळी आल्या. टेडी आणि विल्फ आले नाहीत. कुणीही तुला एक शब्द बोललं नाही, कारण बोलण्यासारखं कुणाला काही माहीतच नव्हतं. सांगून झाल्यावर तू मेणकापड पुसलंस आणि आईला काही सांगू नकोस म्हणालास. मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी डेरेकशी लग्न केलं, तरी त्यालाही नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं.

तेव्हा हिवाळ्यात टेकडी आली की मला काय वाटत असेल याचा विचार कर. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हा माणूस तुझ्यावर खटला चालवतोय. दरवर्षी नवे वकील, नवे झगे, आरोपी तोच. मग मी नीट बघायला लागले आणि मला दिसलं की प्रकार उलटा आहे. तो दरवर्षी कुमकेला आणखी सवलत देत होता. एका वर्षी रस्ता रुंद केला. एका वर्षी घोडे दिले. एका वर्षी फाशात चार आले तरी चालेल, मग तीन आले तरी चालेल. आणि कुमक तरीही उशिराच पोचायची, किंवा खिंडीतच कापली जायची, आणि मग डेरेकचा चेहरा सैल व्हायचा. ज्याने कुमक खेळवली असेल त्याचा हात धरून म्हणायचा, "तुझा काही दोष नाही. पोचणं शक्यच नव्हतं." नाइजेल मला एकदा म्हणाला, "मिस, हरलो मी एक खेळ, आणि हा अशी समजूत घालतोय की जणू माझा कुत्रा मेला." मी त्याला म्हटलं, बिस्किट खा आणि गप्प बस. घरी येईपर्यंत डेरेक गाडीत शीळ घालत होता. एक हिवाळा निभायचा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा टेकडी.

हे कसं जमत होतं तेही मला दिसत होतं. पाट दोन फुटांचाच. सगळा मुलूख काही त्यात मावत नाही, बेतताना कुठेतरी कापावंच लागतं, आणि जिथे कापलं तिथे जग संपलं. कडेपलीकडे काय आहे असं या खेळात कुणी विचारत नाही. विचारणं असभ्यपणाचं समजतात. डेरेक दर वेळी पश्चिमेकडून कापायचा. त्याच्या आराखड्यावरच्या समोच्चरेषा पश्चिमेला एकमेकींपासून लांब लांब व्हायला लागत, म्हणजे उतार मंद होत असणार, म्हणजे तिथे माणसाला चढता येत असणार, आणि नेमकी तिथेच कड. मी मनात म्हणायचे, योगायोग. त्याला वाट माहीतच नाही, तर तो ती कापणार कशी? मला त्याचं बरं वाटायचं. निदान एवढं तरी त्याला माहीत नाही, म्हणून.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र घरात काहीतरी शिरलं. भूत वगैरे मी मानत नाही, तूही मानत नव्हतास. पण जेवणघराचं दार बंद असायचं आणि भर दुपारी आतून फाशांचा आवाज यायचा, आणि मध्येच डेरेकचा. प्रथम वाटलं, बर्नार्ड आलाय. ट्रे घेऊन दाराशी गेले तर तो एकटाच कुणालातरी सांगत होता, "दम धर. येतायत. येतायत की." अगदी हळू, तापातल्या पोराला सांगावं तसं. मी ट्रे बाहेरच ठेवला. त्यानंतर मीही त्या खोलीतून जाताना पाऊल न वाजवता जायला लागले. आपल्याच घरात, माझ्यासारखी बाई. एकदा धूळ पुसताना तांबड्या केसांचा तो ठिपका माझ्या बोटाला लागला आणि मी "सॉरी, टेडी" म्हटलं. मोठ्याने.

यंदा क्लबाला तीस वर्षं झाली. बर्नार्डच्या डोक्यात आलं की समारंभाला डेरेकची टेकडी हवी, आणि तीही मोठ्या टेबलावर, दुप्पट जागेत. डेरेक नको म्हणाला. बर्नार्ड म्हणाला, "अरे, तीस वर्षं मांडी घालून बसलायस, एकदा तरी पाय पसर." नाइजेल म्हणाला, "आम्हालाही बघू दे की तुझ्या गल्लीच्या पलीकडे काय आहे. दारूचा गुत्ता असला तर आम्ही इतकी वर्षं तहानलेले का राहिलो?" हॉलमध्ये हशा झाला. डेरेक हसला नाही. उरलेलं सँडविच रुमालात गुंडाळलं आणि मला म्हणाला, "चल." दोन आठवडे गेले. मग एक दिवस दुसरा पाट घेऊन आला, पहिल्याच्या पश्चिमेला जोडला आणि म्हणाला, "इकडचा उतार कापून दे." आराखडा दिला नाही. मी माझ्या समजुतीने साधा उतार कापला, रंगवला आणि ठेवून दिला. वाट केली नाही. दुसऱ्या दिवशी केस कापून घेऊन दुपारी परत आले, दार उघडं होतं, आणि उतारावर वाट होती. त्याने डिंकावर वाळू टाकून केली होती. पायथ्यापासून सरळ वर, धोंड्याला वळसा, मग माथा. कीथ, मी अंगातला कोट न काढता खाली बसले. ते आईचं मेणकापड होतं.

मी विचारलं, "ही वाट कुठून आणलीस?" तो म्हणाला, "होती तिथे." "तुला कसं माहीत?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वर्गात झोपले होते. म्हणाला, "वरून सगळं दिसतं, थेल्मा." इतकं साधं. पस्तीस वर्षं मी फळ्यावर खडूने डोंगर काढून पोरांना विचारलं की माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय काय दिसेल, आणि हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्याही आलं नाही. तू ओढ्यात होतास. खालच्या माणसाला वाटतं, जे मला ठाऊक ते फक्त मलाच ठाऊक.

मग त्याने डबीतून एक बाहुला काढला. पट्टीवर चार-पाच जण असतात म्हटलं ना, हा एकटाच होता, एकट्याच्याच पट्टीवर. तो त्याने वाटेच्या तोंडाशी ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बोलला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं होतील, त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "दुपारी तो तिथवर आला होता. एकटाच. बाकीच्यांना ओढ्यात ठेवून. त्या वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही, उन्हात वेळ कळत नाही. टेडीच्या मांडीत गोळी होती, पण शुद्धीवर होता. तो म्हणाला, येतायत बघ. मी म्हटलं, हो, येतायत. मी टोपी हलवली. कीथने वर बघितलं की नाही, कळलं नाही. मग तो वळला आणि गेला. टेडी विचारत राहिला, आले का. मी म्हणत राहिलो, येतायत." एवढं बोलून त्याने वाळूचा डबा बंद केला. मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस? तो म्हणाला, "कुणाशी? दर नाताळला फोनवर त्याला हवा विचारतो. तो म्हणतो बर्फ. मी म्हणतो पाऊस."

तो पाट समारंभाला गेलाच नाही. बर्नार्डला मी सांगितलं, डेरेकला बरं नाही, आणि ते खोटं नव्हतं. डाव जेवणघरात मांडलेला आहे, आम्ही स्वयंपाकघरात मांडीवर ताटल्या घेऊन जेवतो. डेरेक दोन्ही बाजू स्वतःच खेळतो. वेढा घालणारे चढले, माथ्यावरून गोळीबार झाला, सगळं रीतसर, फासे टाकून. मग वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या एकट्याची पाळी येते आणि तो थांबतो. खुर्चीत बसून बघत राहतो. जिना चढताना आता त्याला दोनदा टेकावं लागतं, ओठ निळे पडतात, आणि तरी हा माणूस रोज त्या खुर्चीत जाऊन बसतो. शेवटी मी म्हटलं, ऊठ, मी हलवते त्याला. वर किंवा मागे, मला सारखंच, पण हा खेळ आज संपला पाहिजे. त्याने माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्याच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणाला, "तू नको. पंचेचाळीस वर्षं त्याची चाल मीच खेळतोय, थेल्मा. दर वेळी त्याच्या वतीने मीच मागे फिरतो, आणि मग मीच म्हणतो, इलाज नव्हता. दमलो मी." मी विचारलं, तुला त्याचा राग आहे का? त्याने माझं मनगट सोडलं. मग म्हणाला, "ते त्याने चाल केली की कळेल."

एक सांगते. तो रक्त तपासायला गेला होता तेव्हा मी त्याच्या नियमांनी, त्याच्याच फाशांनी, त्या वाटेवरून तो एकटा बाहुला खेळवून बघितला. बऱ्याचदा. कधी तो माथ्यावर पोचला आणि सगळे उतरले. कधी वळणावरच मेला. एकदा वर पोचला आणि सहाही मेले. तेव्हा तू गेला असतास तर काय झालं असतं, हे कुणी तुला छातीठोकपणे सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, आणि तू स्वतःला सांगत असशील तर तूही. बाहुला पुन्हा होता तिथे ठेवला. डेरेकच्या लक्षात आलं असणार.

विमानाने येऊ नकोस, तुझ्या पाठीला ते झेपणार नाही. फोन तर मुळीच करू नकोस. तुम्ही दोघं पुन्हा पावसाबर्फावर जाल. हे पत्र मी लिहिते आहे कारण या लोकांच्यात टपालाने डाव खेळायची जुनी पद्धत आहे. डेरेक अॅबरडीनच्या एका मास्तराशी एक लढाई चार वर्षं खेळला, दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. पाटाचा नकाशा सोबत जोडला आहे, मीच काढलाय, माप बरोबर आहे. तू वाटेच्या तोंडाशी आहेस. वळण एका चालीवर, माथा तिथून पुढे दोन चालींवर, आणि वळणावर शत्रूची नजर आहे. वर जा असं मी सांगत नाही, मागे फीर असंही सांगत नाही. "इथेच उभा राहतो" असं लिहिलंस तरी ती चाल धरतात. मात्र लिहायचं स्वतःच्या हाताने, पाकीट त्याच्या नावाने, माझ्या नाही. मी त्याला सांगितलंय की तुला नकाशा पाठवते आहे. आज सकाळी त्याने दाढी केली. डॉक्टरीणबाईंनी मे महिन्यातली एक तारीख अजून आमच्यासाठी धरून ठेवली आहे. टपालाच्या डावाला नियम एकच आहे, तो तुला माहीत असावा म्हणून लिहिते: उत्तर आलं नाही, तर ती तुकडी जिथे आहे तिथेच उभी राहते, आणि बाकीच्यांचा खेळ तिच्याशिवाय पुढे जातो.

वाट बघणारी, तुझीच
थेल्मा